माजिवड्याचा पूल आणि भगवानरावांची ढोलकी

मानपाड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सिद्धेशचा एकच कायदा होता. ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला आलं की तो माजिवड्याच्या उड्डाणपुलावर स्वतः काढलेला व्हिडिओ लावायचा. धावत्या गाड्यांच्या नंबरप्लेट न अडखळता वाचता आल्या तर कार्ड पास. कंपनीचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी रद्दी. बारा वर्षांत या परीक्षेने त्याला तोंडघशी पाडलं नव्हतं, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचाही.

मोहन्याच्या रमाबाई व्हिडिओ अडकतो म्हणून नातीचा कॉम्प्युटर घेऊन आल्या, तेव्हाही त्याने छातीठोकपणे सांगितलं, "काकी, कार्ड गेलंय. बदललं की मस्त चालेल."

रमाबाईंचे यजमान भगवानराव वर्षापूर्वी गेले. बुद्धविहारात ढोलकी वाजवतानाचा त्यांचा एकच व्हिडिओ होता आणि त्यात नेमकी बोटंच दिसत नव्हती. थाप ऐकू यायची तेव्हा हात भलतीकडेच अडकलेला. रविवारी विहारात त्यांच्या स्मरणार्थ वर्षाचं पुण्यानुमोदन. नात मृणालला ती बोटं बघून आजोबांचा ठेका उचलायचा होता, सगळ्यांसमोर वाजवायचा होता.

सिद्धेशने एक कार्ड बदललं, मग दुसरं, मग तिसरं. तिन्हींवर पूल कसा सुरळीत, ढोलकी मात्र अडखळतेच. शेवटी त्याने फाइलच तपासली. ती फॅमिली ग्रुपवरून उतरवलेली, पाठवतानाच पार चेपली गेलेली नक्कल होती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"काकी, मूळ व्हिडिओ कुठंय? काकांच्या फोनमधला?"

"तो उडवला ना. हे गेले नि त्यांचा फोन मी वापरायला घेतला, तर तो भरलेला. तुझ्याकडेच आणलेला. तूच बोललेलास, ग्रुपवर टाकलाय ना, मग इथला उडवा."

त्याला आठवेना. आठवणार कसं? हा सल्ला तो दिवसाला चार जणांना द्यायचा, मान वर न करता. आता मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. ती सांगायची कुणाला, हेही कळेना.

"आता काही नाही होणार, काकी. माझंच चुकलं."

"असं काय बोलतोस रे? तीन लावलीस ना? अजून एक लावून बघ."

सिद्धेशने चौथं कार्ड बसवलं. भगवानरावांचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. थाप तेवढी ऐकू आली.