वॉलरसच्या नातलगासह सोलापूरला

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन डोकी होती. दोन्ही कागदाच्या लगद्याची, मीच घडवलेली. एक वॉलरसचे, म्हणजे बर्फाळ समुद्रातल्या लांब सुळ्यांच्या प्राण्याचे; दुसरे त्याच्या लाखो वर्षांपूर्वीच्या बिनसुळ्यांच्या नातलगाचे. परदेशी मासिकातली हाडांची चित्रे पाहून ती करण्यात माझी सबंध सुट्टी गेली होती. सोलापूरच्या मुलींच्या शाळेत मला त्यांवर व्याख्यान द्यायचे होते.

वाटेत केम स्टेशनावर एक धनगरीण डब्यात चढली.

"टरंकंत काय हाय, बाई?"

मी झाकण उघडले.

"आगं बया! आन् ह्यो दुसरा कोण?"

"त्याचाच जुना भाऊबंद."

"व्हय की, नाक सारकंच हाय!" असे म्हणून तिने मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी (शेंगदाण्याची तिखट पूड) दिली. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आले, तरी मी पुन्हा मागून घेतली.

माढ्याच्या पुढे गाडीला हिसका बसला आणि उघडी ट्रंक बाकावरून कोसळली. जुना नातलग वाचला. वॉलरसचा मात्र सुळ्यांसकट चुरा झाला.

सोलापूर स्टेशनावर मुख्याध्यापिका कृष्णाबाई टांगा घेऊन आल्या होत्या. गल्ल्यांतून लाल-निळे सूत वाळत होते, पण माझे लक्ष कुठे लागेना. झाला प्रकार ऐकून त्या म्हणाल्या, "आमचे चिटणीस म्हणतात, बायकांना शास्त्र झेपत नाही. आज फसलं तर पुन्हा कुणा बाईला बोलावू देणार नाहीत."

सभागृह भरले होते. मागे तेलुगू विणकरांच्या घरच्या बायकाही होत्या. मी जुन्या नातलगाचे डोके टेबलावर ठेवताच पहिल्या रांगेतून चिटणीसांनी विचारले, "वॉलरसचे सुळे कुठे आहेत?"

"येतील," मी म्हणाले, आणि कृष्णाबाईंकडे दोन जाड मेणबत्त्या मागितल्या.

आधी त्या जुन्या प्राण्याची हकीकत सांगितली: लांब सुळे नसलेला, पाण्यात मासे धरणारा. मग म्हटले, "आता याच्या कुळात लाखो वर्षे जाऊ द्या," आणि मेणबत्त्यांची टोके तापवून त्या त्याच्या वरच्या जबड्यात बसवल्या.

"पळ्ळु! पळ्ळु!" (तेलुगूत दात) मागून एक बाई ओरडली. सगळे सभागृह टाळ्यांनी दणाणले. चिटणीस उठून जवळ आले, त्यांनी सुळ्यांना बोट लावून पाहिले.

"बाई, पुन्हा एकदा दाखवा," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी काय आणता?"

परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "आपण काय करता?" आजवर या प्रश्नाला मी 'मुलींना शिकवते' एवढेच पुटपुटत असे. खिडकीबाहेर ज्वारीची शेते मागे पळत होती. मी सरळ बसले आणि म्हणाले, "मी प्राणिशास्त्रावर व्याख्याने देते."