धाकट्या कासवाचं खाणं

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पत्नी नात सांभाळायला पुण्याला मुलीकडे गेली. त्याच दिवसापासून आमच्या दोन कासवांपैकी धाकट्यानं खाणं सोडलं. थोरलं दुकानातले तयार दाणे खात होतं. वर्तमानपत्राच्या नोकरीतून मी निवृत्त झालो होतो आणि आता घरात एकटा होतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसत्या दाण्यांवर ठेवू नका, पाठ मऊ पडते. पाला, भाजी, थोडं मांसाचं, असं आलटूनपालटून द्या. मांसाचं सोडून मी सगळं केलं. मेथी चिरली, गाजर किसलं, दुधी वाफवला. थोरल्यानं गाजर तोंडात घेऊन टाकून दिलं. धाकट्यानं मानच बाहेर काढली नाही. उरलेलं टबात कुजायचं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून टबासाठी मी पिंपातलं काढायचो.

पत्नीचा फोन रोज संध्याकाळी साडेसातला यायचा. नातीबद्दल एक वाक्य, मग कासवं.

"खाल्लं का?"

"नाही."

"तुम्ही समोर उभे राहत असाल. त्याला कुणी बघितलेलं चालत नाही."

अकराव्या दिवशी ती म्हणाली, "रविवारपर्यंत खाल्लं नाही तर मी येते. इथं लेक-जावई पाळणाघर बघतील." मी ये म्हणालो नाही, नको असंही म्हणालो नाही. जेवण झाल्यावर तिच्या उशीला धुतलेला अभ्रा घातला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "काका, सुकट नको का? काकू दर मंगळवारी न्यायच्या."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? तुमच्या कासवाला! आठ वर्षं झाली. भिजवायची अन् मेथीच्या पानात गुंडाळून द्यायची." ती हसायला लागली. "लई मोठे पेपरवाले म्हणं, अन् घरातलीच बातमी नाय व्हय तुम्हाला?"

आमच्या घरात अंडंही येत नाही, सुकी मासळी तर लांबच. नियम माझ्या आईचा. तिच्यामागं तो मी चालू ठेवला होता.

शनिवारी दुपारी शेजारणीकडून वाटीभर सुकट आणली. मागच्या नळापाशी भिजवली आणि पानात गुंडाळून तीन पुड्या केल्या. थोरल्याला वेगळ्या टबात काढलं. पुड्या धाकट्यापुढं ठेवून मी आत गेलो. वीस मिनिटांनी आलो तेव्हा एक पुडी नव्हती. दुसरी खाताना मी त्याला खिडकीतून पाहिलं.

साडेसातला फोन वाजला. सातव्या रिंगला मी तो उचलला.

"सकाळच्या बसचं तिकीट काढलंय," पत्नी म्हणाली. "खाल्लं का?"

"दोन पुड्या. पानासकट."

"सुकटीच्या?"

"हो."

मग ती "टबातलं पाणी बदला, वास राहतो," म्हणाली.

मी पाणी बदललं. नऊच्या सुमाराला मुलीचा निरोप आला. आईनं तिकीट रद्द केलं होतं.