मंडळाच्या मेलबॉक्समधला, मी न लिहिलेला नियम

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना तोंडी लावायला वाचत आलो. बायको वाचून घाबरते आणि मी हसतो, अशी आमच्या घरातली वाटणी. माझं कामच असं आहे हो... दादरच्या एका ऑफिसात मी सिस्टिम ॲडमिन आहे. सर्व्हर बंद पडला की त्याला कारण असतंच. उंदराने केबल कुरतडलेली असते, नाहीतर कुणीतरी शहाण्याने प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. ‘अमानवीय’ हे कारण मी आजवर एकाही रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही. म्हणून हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय, पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाहीये.

आमची चाळ काळाचौकीला. तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाची खोली, दुसऱ्या मजल्यावर आम्ही. मंडळाचा स्वतःचा ईमेल आहे आणि तो मी सांभाळतो. डेकोरेटर, मंडपवाले, जाहिरातवाले सगळे त्यावर मेल करतात. पण खरी गंमत वेगळीच आहे. कुठेही ईमेल आयडी विचारला की आमच्या चाळीतली म्हातारी माणसं बिनधास्त मंडळाचा आयडी देतात! गॅसचं बुकिंग, पेन्शनचे निरोप, डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, बंगलोरच्या जावयाने काढलेलं विमानाचं तिकीट — सगळं मंडळाकडे. पूर्वी चाळीत एकाच घरी फोन असायचा आणि सगळी बिऱ्हाडं तोच पीपी नंबर म्हणून द्यायची, त्यातलाच हा प्रकार. मी खूप ओरडून पाहिलं. कुणी ऐकत नाही.

मग मी सर्व्हरवरच एक स्क्रिप्ट लिहून ठेवली. म्हणजे काय, तर मेल कुणाच्या फोनवर पोचण्याआधीच ती ठरवते — हा जोशीकाकांच्या फोल्डरमध्ये टाक, हा इनबॉक्सला सोड, हा फेकून दे. फेकून दे म्हणजे साफच. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा सापडत नाही. आमचा मेलबॉक्स जाहिरातींनी सारखा भरायचा, म्हणून ‘ऑफर’, ‘पॅकेज’, ‘चेकअप’ असले शब्द विषयात दिसले की मेल थेट फेकायचा नियम मीच घातला होता.

ही स्क्रिप्ट मी माझ्या लॅपटॉपवरच्या टेक्स्ट एडिटरमधून लिहितो. एडिटर सरळ सर्व्हरवरची फाईल उघडतो. बदल करायचा, सेव्ह मारायचं. सर्व्हर आधी ती तपासतो, काही चुकलं असेल तर ‘अमुक ओळीत चूक आहे’ म्हणून परत पाठवतो, बरोबर असेल तर चालू करतो. माझी एक सवय आहे. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर मी ‘का:’ लिहून कारण देतो आणि शेवटी स. अशी सही करतो. मशीन ती ओळ वाचत नाही, ती फक्त माणसासाठी. ‘का: जोशीकाका वरून ओरडतात. — स.’ अशी कारणंही आहेत त्यात. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही.

तर... गेल्या वर्षी गणपती उरकले आणि एका रविवारी सकाळी मी मंडळाच्या खोलीत चहा घेऊन बसलो होतो. सोबत आमचा खजिनदार नीलेश, वर्गणीचा हिशेब मांडून. डेकोरेटरचा जुना नियम काढावा म्हणून मी स्क्रिप्ट उघडली. सगळ्यात वर, माझ्या पहिल्या नियमाच्याही आधी, एक नवीन नियम होता.

अमुक पत्त्यावरून मेल आला आणि विषयात ‘सुलोचना परब’ हे नाव असेल, तर काहीही झालं तरी फेकू नये, इनबॉक्सला सोडावा आणि एक कॉपी लगेच सतीशच्या ऑफिसच्या मेलवर पाठवावी.

सतीश म्हणजे मी. सुलोचना परब ही माझी आई.

डोक्यावर ओळ होती. ‘का: मागच्या वेळी हाच मेल फेकला गेला. — स.’

मी नीलेशकडे बघितलं. “तू माझ्या स्क्रिप्टला हात लावलास?”

“कसली स्क्रिप्ट? नाटकाची?”

“मंडळाच्या मेलची रे. आईच्या नावाचा नियम कुणीतरी घातलाय.”

“भाई, मला माझ्या इन्स्टाचा पासवर्ड लक्षात नाय राहत. मी तुझ्या मेलमध्ये घुसणार? तूच लिहिला असशील. विसरला असशील. वय झालं आता आपलं.”

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. कारण लिहिण्याची पद्धत हुबेहूब माझी होती. डावीकडे सोडलेली जागा, कंस कुठे बंद करायचा ती माझी खोड, सगळं. पण तो पत्ता मी जन्मात पाहिला नव्हता. मंडळाच्या सगळ्या जुन्या मेलमध्ये शोधला, फेकलेल्या मेलच्या नोंदीतही शोधला. त्या पत्त्यावरून आम्हाला कधीच काही आलेलं नव्हतं. मग ‘मागच्या वेळी’ म्हणजे कुठल्या वेळी? आणि आईला कोण मेल करतंय? तिला भाजीवालीशिवाय कुणाशी पत्रव्यवहार नाही.

मी तो नियम उडवला, पासवर्ड बदलला आणि विषय संपवला. निदान मला तसं वाटलं.

पुढच्या रविवारी मंडळाच्या खोलीत पुन्हा फाईल उघडली. नियम जागेवर. तीच ओळ, तीच सही.

आता मात्र माझं डोकं फिरलं. सर्व्हरचा लॉग काढला. कोण कधी आत आलं, काय सेव्ह केलं, सगळं त्यात येतं. माझं मागच्या रविवारचं सेव्ह होतं. त्यानंतर काहीही नाही. कुणी आलेलं नाही, कुणी लिहिलेलं नाही आणि तरी फाईलमध्ये नियम आहे. हे होऊ शकत नाही. म्हणजे होऊच शकत नाही! दुकानाला कुलूप, शटर खाली, आत कुणी गेलेलं नाही आणि फळीवर नवीन डबा ठेवलाय, असं झालं ते.

मी पुन्हा नियम काढला आणि सेव्ह मारलं. सर्व्हरने फाईल परत पाठवली. खाली लाल अक्षरांत चूक दाखवली होती आणि ओळीचा आकडा दिला होता. मी त्या ओळीवर जायला लागलो तर... ती ओळच नाही. माझी फाईल त्याच्या कितीतरी आधी संपत होती. सर्व्हर मला अशा ओळीतली चूक सांगत होता, जी माझ्या फाईलमध्ये नव्हतीच.

पुन्हा सेव्ह मारलं. पुन्हा तेच. नीलेश खांद्यावरून बघत होता. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून त्याची मस्करी थांबली.

“सत्या, राहू दे ना तो,” तो म्हणाला. “कुणाचं काय वाईट करतोय? फेकू नका एवढंच म्हणतोय ना?”

मी नियम होता तसा परत ठेवला आणि सेव्ह मारलं. सर्व्हरने मुकाट घेतलं.

घरी कुणाला बोललो नाही. काय बोलणार? पण आईकडे बघायची माझी पद्धत बदलली. ती भात वाढतेय, सीरियल बघतेय, कठड्याला टेकून समोरच्या वहिनींशी गप्पा मारतेय आणि मी आपला तिच्याकडे टक लावून. तिने दोनदा विचारलंही, “काय रे, असो काय बघतस?”

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या नाक्यावर, जिथे आधी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे एक पॅथॉलॉजी लॅब उघडली. ऑफिसला जाताना मी सहज बोर्ड वाचला आणि फुटपाथवर थांबलो. बोर्डाच्या खाली त्यांचा ईमेल होता. नियमातला पत्ता.

मी तिथेच उभा राहून फोनवर स्क्रिप्ट उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. लोक धक्के देऊन पुढे जात होते. लॅब नवीन, बोर्ड नवीन, आणि नियम त्याच्या कितीतरी आधीचा.

आईला फोन लावला. “आई, बरी आहेस ना? काही दुखतंय का?”

“माका काय धाड भरली? तू ऑफिसात जा.”

त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, ऑफिसच्या मेलवर एक मेल आला. मंडळाच्या सर्व्हरकडून पुढे आलेला. विषय होता — सुलोचना परब, हेल्थ चेकअप रिपोर्ट.

आतला रिपोर्ट उघडला. एका आकड्याभोवती लाल चौकट होती. पोटॅशियम. शेजारी लिहिलं होतं, ‘धोकादायक, त्वरित डॉक्टरांना भेटा’.

आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. बायको कामावर गेलेली, म्हणून नीलेशला लावला. त्याचं दुकान चाळीच्या खालीच आहे. “वर जा, आईला बघ, काही विचारू नको, पळ!” एवढंच बोलू शकलो. फोन तसाच चालू होता. त्याचे जिन्यावरचे पाय ऐकू येत होते, मग दार, मग त्याचा आवाज. “मावशी... ओ मावशी... सत्या, ह्या खाली बसल्यात रे. पायात जीवच नाय म्हणतात. मी टॅक्सी करतो, तू सरळ परळला ये.”

दादरहून परळला मी कसा पोचलो, ते आजही सांगता येणार नाही. हॉस्पिटलमध्ये आईला आत घेतलं होतं, छातीला वायरी लावल्या होत्या. डॉक्टर मुलगी माझ्या निम्म्या वयाची असेल. बीपीची गोळी, थोडी थकलेली किडनी आणि वर रोजचं नारळपाणी, असं सगळं जुळून पोटॅशियम वाढलं होतं म्हणाली. “वेळेत आणलंत. संध्याकाळपर्यंत घरी राहिल्या असत्या तर हार्ट थांबलं असतं.” ती अगदी साधेपणाने बोलली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि ढसाढसा रडलो. नीलेश शेजारी बसून माझी पाठ चोळत होता.

आई शुद्धीवर होती, तिला सगळं नंतर विचारलं. नवीन लॅबची उद्घाटनाची ऑफर होती. चाळीतल्या बायका घोळक्याने जाऊन रक्त देऊन आल्या आणि सगळ्यांनी ईमेल मंडळाचा दिला. लॅबने आईला फोनही केला होता, पण तिचा मोबाईल बाजाराच्या पिशवीत, आवाज बंद करून.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू वराडतलंस म्हणान नाय सांगलंय. फुकटात तपासून देय होते.”

आणि आता जे सांगतोय, त्यावर मी अजून अडकलोय. दोन दिवसांनी चाळीतल्या बाकीच्या बायका माझ्याकडे आल्या. “सतीश, आमचे रिपोर्ट कुठे?” लॅब म्हणत होती, सगळे त्याच सकाळी पाठवले. लॉग बघितला. सगळे आले होते आणि सगळे फेकले गेले होते. विषयात ‘चेकअप’ होतं ना... माझ्याच नियमाने. फेकण्यातून एकच मेल वाचला होता. आईचा. (बाकीच्यांचे लॅबकडून पुन्हा मागवून घेतले, देवाच्या दयेने सगळ्या ठीक आहेत. तो चेकअपचा नियम मी त्याच मिनिटाला काढला.)

आई घरी आली, ताकद आली, तेव्हा एका दुपारी मी तिला सगळं सांगितलं. तिला सर्व्हर कळत नाही, स्क्रिप्ट कळत नाही. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवून ती ओळ वाचून दाखवली. ‘मागच्या वेळी हाच मेल फेकला गेला.’ मी समजावत होतो की हे मी लिहिलेलं नाही, लॉगमध्ये काही नाही, लॅब तेव्हा नव्हतीच... ती मधेच म्हणाली, “म्हणजे हयसर कोणाची तरी आवस मेली मा?”

तिच्या बोलीत आवस म्हणजे आई. मी इतके दिवस ‘कोणी लिहिलं’, ‘कसं लिहिलं’ यातच फिरत होतो. त्या ओळीचा हा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नव्हता. कुणीतरी स., माझ्यासारखाच कंस बंद करणारा, कुठेतरी बसून हे लिहून गेला. त्याच्याकडे मेल फेकला गेला होता. त्याच्या घरी ती संध्याकाळ झाली होती.

आईने पडद्यावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग पदराने डोळे पुसले.

“त्याका सांग मा रे,” ती म्हणाली. “मी बरी आसंय म्हणान.”

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. ऑफिसमधल्या दोन हुशार मित्रांना फाईल आणि लॉग दाखवले, त्यांनी खांदे उडवले. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल आणि काही सुचलं, तर जरूर लिहा, मी चिडणार नाही. तो नियम अजून तिथेच आहे. त्या दुपारी, आई शेजारी बसलेली असताना, मी त्याच्या खाली एकच ओळ लिहिली आणि सेव्ह मारलं.

‘आई घरी आहे. जेवली. — स.’