रॅक नंबर चौदाचा नॉन-मूव्हिंग माल

रॅक नंबर चौदा रिकामा होता. कुणीतरी फडक्याने पुसूनसुद्धा घेतला होता. मी त्याच सकाळी सुट्टीवरून परतलो होतो आणि मुहर्रकच्या विमानतळावरून बॅग घेऊन सरळ ड्युटीवर आलो होतो. बॅगेत बायकोने बांधून दिलेले कुळीथ होते आणि सहा पुस्तकं. ती ठेवायला एसी रूम उघडली, तर समोर नुसता कोरा पत्रा.

मी स्टोअरकीपर आहे. गाव रायगडात, नोकरी बाहरीनमध्ये, मआमीरजवळच्या एका कारखान्यात, एकतीस वर्षं. माझं काम सोपं आहे. आलेला माल मोजून घ्यायचा, त्याला कोड द्यायचा, रॅकवर लावायचा आणि कुणी मागितला की नोंद करून द्यायचा. या देण्याला आम्ही इश्यू म्हणतो. एसी रूममध्ये रबराचे सील, गॅस्केट असलं नाजूक सामान असतं, कारण इथल्या उन्हात रबर तडकतं.

पुस्तकांचंही तसंच होतं. डिंक सुटतो, पानांना बुरशी धरते. मी तिघांबरोबर एका खोलीत राहतो आणि माझ्या वाट्याला एक खाट आणि तिच्याखालची जागा आहे. जुन्या मॅनेजरने मागचा एक रॅक मला वापरायला दिला, तोच चौदा नंबर. गावच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट मी सातवीतच संपवलं होतं; तेव्हापासून हे वेड सुटलेलं नाही. लोक सुट्टीवरून येताना लोणचं आणि सुकी मासळी आणतात, मी पुस्तकं आणायचो. शहाण्या लोकांनी नावाजलेल्या जाडजूड कादंबऱ्या होत्या, तशाच भुताच्या गोष्टी, रहस्यकथा आणि दिवाळी अंक होते. त्यांच्यात उच्चनीच मला कधी करता आलं नाही. चारशेच्या वर झाली होती. कारखान्यातला मराठी वाचणारा प्रत्येक माणूस, रत्नागिरीचा फिटर असो की मुंबईचा अकाउंटंट, माझ्याकडून पुस्तक न्यायचा. येत्या वर्षी रिटायर झालो की ती सगळी त्यांच्यासाठीच ठेवून जायचं ठरवलं होतं.

मी नाईक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब पुण्याचे, तरुण, दोन वर्षांपूर्वी मॅनेजर म्हणून आलेले, पुस्तकांच्या वाटेला कधी न गेलेले. चौदा नंबरचा माल कुठे गेला, विचारलं.

"स्क्रॅपला गेला, इब्राहिमभाई. नॉन-मूव्हिंग होता ना. ऑडिटच्या आधी क्लिअर करायचा होता."

नॉन-मूव्हिंग म्हणजे जो माल दोन वर्षांत एकदाही इश्यू झाला नाही तो. तो जागा अडवतो म्हणून भंगारात काढतात. आता माझा मूर्खपणा ऐका. कॉम्प्युटर आला तेव्हा रॅकवरच्या प्रत्येक वस्तूला कोड हवा, असा नियम झाला. बिनकोडाची वस्तू ऑडिटरला दिसली तर बोलणी बसतात. म्हणून मी पुस्तकांनाही कोड दिले आणि वर्णनात 'प्रिंटेड मटेरियल' लिहिलं. पण इश्यू करायचं तर वर्क ऑर्डरचा नंबर लागतो. भुताची गोष्ट वाचायला वर्क ऑर्डर कुठून आणू? म्हणून पुस्तकांची देवघेव मी हाताने एका रजिस्टरमध्ये लिहायचो. स्टोअरमध्ये सगळ्यात जास्त फिरणारा माल तोच होता, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबी तो जागचा हललाच नव्हता.

"माल भरताना तुम्ही तिथे होतात, साहेब?"

"होतो."

"पुस्तकं आहेत हे दिसलं नाही?"

"दिसलं. पण लिस्टमध्ये होती. आणि खरं सांगू, इतकी जुनी होती, मला वाटलं कुणाला नको असतील."

माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षांत साहेबासमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. टेबलावर हात आपटला. साऱ्या ऑफिसने ऐकलं.

"नको असलेल्या वस्तूला कुणी कव्हर घालत नाही, साहेब. एकेका पुस्तकाला मी माझ्या हाताने कव्हर घातलंय."

नाईक साहेबांनी फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. नॉन-मूव्हिंगची यादी, चाळीस पानं. एकतिसाव्या पानावर माझी पुस्तकं होती. शेवटच्या पानावर सही होती, ती माझी. सुट्टीवर निघायच्या दिवशी कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट घ्यायच्या घाईत मी ती न वाचता केली होती. हाती पडेल ते वाचत आलेला माणूस मी, आणि सही करायचा कागद तेवढा वाचला नव्हता. साहेबांवरचा राग गेला नाही. तो होता तिथेच राहिला, आणि त्याच्या दुप्पट मला माझाच आला.

दुपारी मआमीरच्या भंगारवाल्याकडे गेलो. यार्डात एका बाजूला रद्दी दाबायचं मशीन होतं. तिथला माणूस म्हणाला, "चाचा, पेपर खलास. पिछले हफ्तेही कंटेनर गया." तरी मी तासभर फिरून पाहिलं. पत्र्याच्या डब्यांखाली एक खाकी कव्हर मिळालं, माझ्या अक्षरात नाव लिहिलेलं. आत पुस्तक नव्हतं.

आठवडाभराने एक दिवस काउंटरवर क्रेन ऑपरेटर सावंत आला. चार वर्षांपूर्वी पाय मोडून हा सलमानियाच्या हॉस्पिटलात पडला होता, तेव्हा मी स्वतः नेऊन दिलेली कादंबरी त्याने परत केली नव्हती. तीनदा मागितली, तीनदा विसरला. शेवटी मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून ती काढून काउंटरवर ठेवली.

"भाई, माफ करा. ह्यां तुमचां पुस्तक. खूप वर्सां ऱ्हवलां माझ्याकडे."

पानं दुमडलेली, कव्हरवर चहाचा डाग. माझी जीभ शिवी द्यायला उचलली होती. पण मी रजिस्टर उघडलं. आजवर मी ते नोंद करायला नाहीतर लोकांना झापायला उघडत असे. परत न आलेल्या पुस्तकांची यादी केली. सदतीस निघाली. चारशेंतली तेवढीच जिवंत होती, आणि ती ज्यांना मी बेजबाबदार, कामचोर काय काय म्हणालो होतो त्या लोकांच्या खाटांखाली होती. सज्जनांनी वेळेवर आणून दिलेली सगळी गेली होती.

नाईक साहेबांनी पुढे सॉरी म्हटलं. लॉक असलेलं कपाट देतो, नवीन कोड देतो, म्हणाले. मी नको म्हटलं. टेबल आपटल्याबद्दल मला वॉर्निंग लेटर मिळालं. ते मात्र मी सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचलं.

बॅगेतली ती सहा पुस्तकं सहा बेजबाबदार माणसांना दिली. सावंतची कादंबरी त्याच्याच हातात परत ठेवली आणि म्हटलं, पुन्हा आणून दिलीस तर याद राख. माल स्टोअरमध्ये सुरक्षित असतो, असं मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो. रजिस्टरमध्ये सदतीस ओळींपुढचा 'परत' हा रकाना मी लाल शाईने खोडून टाकला.