दुसऱ्या रविवारची फेरी

देवावर माझा विश्वास लहानपणापासून आहे, पण त्याच्यावर एखादं काम सोपवून स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. प्रार्थनेतसुद्धा मी त्याला कामं वाटून द्यायचे. हे अमुक वाजेपर्यंत होऊ दे, ते अमक्याच्या मनात घाल, बाकीचं मी बघते. तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. वेळेवर गोळी, वेळेवर इंजेक्शन, वेळेवर जेवण, हाच माझा खरा धर्म होऊन बसला होता. आमचे हे म्हणायचे, "तू स्वर्गाच्या दाराशी पोचलीस तरी आधी ड्युटीचा तक्ता मागशील." मला त्याचा राग येत नसे. उलट थोडा अभिमानच वाटायचा.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, शाळामास्तर होते आणि बिनपगारी सुवार्तिकही, म्हणजे गावोगाव ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारे. महिन्यातून एका रविवारी, दुसऱ्या, ते नगरहून एसटीने पाथर्डीच्या पलीकडे एका वस्तीवर जायचे. तिथे आपल्या ख्रिस्ती लोकांची दोनच घरं. त्यातल्या एका घराच्या ओट्यावर बसून ते उपासना घ्यायचे. वस्ती ऊसतोडणीला गेलेली असली तरी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी जायचे. पुढे गुडघे गेले आणि फेरी थांबली, त्याला बारा वर्षं झाली. गेल्या तीन वर्षांत त्यांची आठवणही गेली. चौऱ्याऐंशी वयाच्या बाबांना घरातली मोरी सापडत नाही, मुलाला ते "पाळकसाहेब" म्हणतात आणि मला तर रोज नवीन पाहुणी समजून "सलाम बाई, बसा" म्हणतात.

तरी रविवारी आम्ही त्यांना उपासनेला नेत होतो. जानेवारीत मात्र एक दिवस ऐन उपदेशात ते उभे राहिले आणि मोठ्याने प्रार्थनाच सुरू केली. उपदेश करणारे चर्चचे पाळकसाहेब थांबले. पुढच्या बाकावरची मुलं हसली. मी बाबांचा कोट ओढून त्यांना खाली बसवलं, आणि त्या ओढण्यात मदतीपेक्षा राग जास्त होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. लाजेने माझे कान तापले. घरी आल्यावर मी ठरवून टाकलं की यापुढे बाबा रविवारी घरी राहतील.

फेब्रुवारीतला तो रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये शास्त्रवाचनाची, म्हणजे बायबल वाचायची, पाळी माझी होती. सकाळी साडेआठला बाबांना इन्सुलिन दिलं. नाश्ता त्यांनी अर्धाच खाल्ला. म्हटलं, बाराच्या आत येतेच आहे, आल्यावर जेवायला वाढते. मग बाहेरून कडी लावली आणि आम्ही दोघं निघालो. माझ्या वाट्याला आलेला उतारा होता उद्याची चिंता करू नका असं प्रभू सांगतो तो. मी तो न अडखळता, स्वच्छ वाचला. वाचून झाल्यावर दोघीतिघींनी मान डोलावून पाहिलं तेही मी टिपलं.

घरी आलो तर कडी उघडी आणि घर रिकामं. शेजारच्या काकू सांगायला आल्या, "मास्तर खिडकीतून म्हणाले, चुकून कडी लागली बघा. म्हणून मी काढून दिली. काळा कोट घालून, पिशवी घेऊन निघाले ते. मला वाटलं, चर्चलाच चाललेत." खुंटीवर कोट नव्हता. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत मी आमचा नंबर लिहिलेली पट्टी शिवली होती. कोटाला मात्र शिवली नव्हती, कारण कोट रविवारचा आणि रविवारी तर ते माझ्या डोळ्यांसमोर असायचे. आणि सदरा त्यांनी ट्रंकेतला जुना घातला होता.

यापुढचं मला एकटीलाच नीट कळत होतं. इन्सुलिन अंगात गेलेलं आणि वर पुरेसं अन्न नाही. अशा माणसाला आधी घाम फुटतो, हात थरथरतात, मग तो बरळायला लागतो आणि शेवटी बेशुद्ध पडतो. रस्त्यात पडलेल्या म्हाताऱ्याला लोक दारुडा समजून वळसा घालून जातात. बाबांना वाचवायला मी जे इंजेक्शन दिलं होतं, तेच आता त्यांचा जीव घेणार होतं. यांना मी ते सांगितलं नाही. हे मोटारसायकल घेऊन निघाले. चर्च, सासूबाईंची कबर, त्यांची जुनी शाळा, बसस्थानक, सगळं झालं. पोलिसांनी फोटो घेतला. चर्चच्या मंडळीतल्या दहा-बारा जणांना मी फोनवरून गल्ल्या वाटून दिल्या, तासातासाला खबर घेतली. पन्नास किलोमीटरपलीकडच्या वस्तीचा विचार आमच्या कुणाच्याच मनात आला नाही. ज्याला मोरी सापडत नाही त्याला पाथर्डीची गाडी कशी सापडेल?

पावणेतीनला माझ्या हातातली कामं संपली. फोन करायला माणूस उरला नाही, शोधायला गल्ली उरली नाही. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. सकाळी वाचलेला उतारा आठवला आणि खरं सांगते, देवाचा राग आला. चिंता करू नका म्हणायला काय जातं? मग रडू आलं. प्रार्थनेला हात जोडले, पण त्याला काय करायला सांगावं हेच सुचेना. शेवटी एवढंच म्हणाले, "प्रभू, ते तुझे आहेत. मी त्यांना कोंडून ठेवलं. आता मला काही येत नाही." आणि तशीच बसून राहिले. मन शांत झालं, प्रकाश दिसला, असलं काही झालं नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा उठले.

सव्वातीनला फोन वाजला. अनोळखी नंबर. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"सलाम बाई. शांतवन बोलतोय, राहात्याकडून, ऊसतोडीच्या टोळीतून. तुमचा नंबर मास्तरांनीच मागं लिवून दिल्ता. मास्तर आमच्या घरी हायेत."

मला वाटलं, बाबा राहात्याला पोचले. "तुमच्या घरी म्हणजे कुठे?"

"गावाकडं, वस्तीवर, जिथं मास्तर उपासना घ्यायचे. आमी सगळी हिकडं हाय, घराला कुलूप हाय. शेजारच्या सरूबाईचं पोरगं आमच्याच टोळीत हाय, तिनं त्याला फोन केला. त्यो उसात हुता, आत्ता उचलला. काळजी करू नका, मास्तरांनी भाकर खाल्लीया." मग म्हणाला, "बाई, दिवाळीपासनं आमचा रविवार न्हाई. आज माझ्या वट्यावर उपासना झाली म्हनं. लई बरं वाटलं."

गाडी मागवून आम्ही निघालो. वाटेत उलगडा झाला तेवढा असा: तो महिन्याचा दुसरा रविवार होता. कोटाच्या खिशात आधार कार्ड होतं आणि त्यांच्या वयाच्या माणसाला एसटीत तिकीट लागत नाही. फाट्यावरून वस्तीपर्यंत कुणाच्या तरी जीपने सोडलं असावं. ते कोण होतं हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

वस्तीवर सगळ्या दारांना कुलपं. एका ओट्यावर बाबा मांडीवर शास्त्र ठेवून बसले होते आणि समोर जमिनीवर, पाय लांब करून, काठी शेजारी ठेवून एक साठीची बाई. पायाला प्लास्टर. मी धावतच गेले, बाबांचा हात धरून नाडी पाहिली. ठीक होती. 

सरूबाईंनी सांगितलं, "पयलं मला वाटलं, पिऊन आलाय कुनी. एकलाच बोलतोय. मग त्येच मला म्हनले, बसा बाई, उशीर झाला. मेंढरं राखनाऱ्या देवाचं कायतरी म्हनत हुते. आमची बी मेंढरं हुती पयली, म्हनून बसले ऐकत. बगते तर घामानं सदरा भिजलेला, हात असे लटलटा. माझ्या मालकाला शुगर हुती, असंच व्हायचं त्येंना. म्हटलं, देवाचं नंतर बघू, आन् गुळाचा चहा पाजला. मग भाकर."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी प्लास्टरचा पाय मागे ओढला. "आवं, दिवाळीत पाय मोडला न्हवं माझा. तवा लई रडले, देवाला शिव्या दिल्या. न्हाईतर मी बी तोडीला गेले असते. हितं कुत्रं बी नसतं आज."

सरूबाईंच्या मोडलेल्या पायाला मी देवाची योजना म्हणणार नाही. त्यांचे चार महिने फुकट गेले, दुखलं त्यांना, मला नाही. एवढंच सांगते की मी नगरच्या सगळ्या गल्ल्या वाटून देत होते तेव्हा माझ्या सासऱ्यांना गूळ पाजणारा हात माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. आणि मी जमिनीवर बसून हात टेकले त्याच्या कितीतरी आधी तो चहा त्यांच्या पोटात गेला होता. माझ्या प्रार्थनेने बाबा वाचले असं म्हणायचीही मला सोय राहिली नाही. ज्यांना मी लाजेने घरात बंद केलं, त्यांची उपासना एका बाईने पाय दुखत असताना शेवटपर्यंत ऐकली होती.

परतताना गाडीत मी बाबांना माझ्याजवळ बसवलं. पाथर्डी मागे पडलं तसं मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. मला क्षमा करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख काही पटली नाही. मग अनोळखी बाईशी बोलतात तशा आदराने म्हणाले, "बाई, तुम्ही नगरलाच चाललात का? मग आमच्या घरी एक निरोप द्या. माझी सून आहे, फार करते माझं. तिला म्हणावं, मी जेवलोय. काळजी करू नको."

मी म्हणाले, "देते, बाबा." तेच शास्त्रवचन सकाळी मी सगळ्या मंडळीला वाचून दाखवलं होतं. माझ्यापर्यंत ते पोचायला संध्याकाळ झाली. प्रभूचे उपकार मानते.