चंदन लावलेला फोन
चंदनाचा वास आला की मला कोरमंगलातलं भाड्याचं घर आठवतं. वर मी, खाली घरमालकीण अक्का, आणि दोघींत फोनची लाइन एकच. ऑफिसच्या लॅपटॉपचं इंटरनेट त्याच लाइनवर चालायचं आणि रोज सकाळी साडेसातला हमखास तुटायचं. मी वायर बदलली, मॉडेम बदलला, शेवटी चिडून खाली गेले. देवपूजा आटोपून अक्का रिसीव्हर उचलून पुसत होत्या, आणि त्याला चंदन लावत होत्या. खालचा रिसीव्हर उचलल्यावर वरचं इंटरनेट जाणारच! “अक्का, हे काय?” “स्वल्प थांब गं. माझा लेक अमेरिकेतनं यातनंच बोलतो.” दुसऱ्या दिवसापासून मी आठनंतरच इंटरनेट लावू लागले. इतक्या वर्षांनी, परवा परदेशातून माझ्या लेकीचा फोन आला. बोलणं संपलं, तरी मी मोबाइलची काच पदराने पुसत बसले होते.