कुरुंद्याचा उडता जावई

जवळा बाजार या गावात माझं पत्र्याचं व्हिडिओ टॉकीज होतं. आता तिथं खताचं गोदाम आहे. मागच्या महिन्यात एका वर्तमानपत्रात माझ्यावर लेख आला, की सुपरहिरोचे सिनेमे खेड्यात चालवून दाखवणारा माणूस तो हाच. फोटोही छापला. त्या लेखातली मुख्य गोष्ट खोटी आहे आणि ती मीच सांगितलेली आहे. ती दुरुस्त करायची राहिली तर मला मरणही नीट येणार नाही.

अशा पहिल्याच सिनेमातला, पाठीवर कापड सोडून उडणारा, हिंदी बोलणारा तो विलायती माणूस पहिल्या आठवड्यात कुणी बघितला नाही. बाकं रिकामी. शेजारचे शिंपी चाचा माझ्यासाठी रिक्षातून भोंग्यावर जाहिरात करायचे. ते म्हणाले, "मालक, अनोळखी मानसाला बघायला लोक काहून येतील? त्याला सोयरा करू."

बाजाराच्या दिवशी चाचांनी भोंग्यावर सांगून टाकलं, "चला हो चला! कुरुंद्याचा जावई उडून राहिला!"

दुपारच्या खेळाला शेजारच्या कुरुंदा गावाहून जीपगाड्या भरून आल्या. हिरो दिसताच बायांनी डोक्यावर पदर घेतला. एक आबा उठून उभेच राहिले. मागचे लोक ओरडले,

"आबा, बसा की खाली!"

"जावई उभा हाय, मी कसा बसू?"

"तो उडून गेला आबा, आता तरी बसा!"

खलनायकानं पहिला ठोसा मारला तेव्हा पुढच्या बाकावरून दम आला, "ए, जावयाच्या अंगाला हात लावू नको!" एका आजीनं टॉवेल-टोपी आणली होती. ती चाचांनी गंभीरपणे पडद्याखाली मांडली. जावई नेमका कोणाच्या घरचा, हे कुणीच विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या भावकीतला असेल.

दुसऱ्या दिवशी खरं कळलं. तरीही लोक येतच राहिले.

मग शहरातून फिल्म पुरवणारा माणूस आला. "बाकी गावांत हा सिनेमा पडला, तुमच्याकडे कसा चालला?" मी म्हणालो, "डोकं माझं." चाचा शेजारीच भोंगा पुसत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भोंगा खाली ठेवला आणि पुन्हा कधी हातात धरला नाही. मीही कधी विषय काढला नाही. लेखवाल्याला तेच जुनं वाक्य ऐकवलं.

परवा हे सगळं लिहून चाचांच्या दुकानात गेलो आणि वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, सगळं श्रेय चाचांचं, सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं काहीच नाही. चाचांचं शिलाई मशीन थांबलं.

"हे बराबर न्हाई, मालक. त्याला उडवला कुनी?"

"कंपनीनं."

"मंग? जावई मी केला, पन मला काय त्याला उडवता येत होतं? पहिल्या दिवसाची गर्दी माझी. दुसऱ्या दिवसापासून जे आले ते कंपनीच्या करामतीला आले. तसंच लिवा."

"आणि माझं काय लिहू?"

चाचांनी बराच विचार केला. "पत्रे तुमचे व्हते. लई तापायचे. तेबी लिवा."

तेही लिहिलं आहे. आज हा कागद वर्तमानपत्राला पाठवतो आहे.